नऊ दिवस चार्जिंगला

लवूमामाने मस्कतहून आणलेलं ड्रिल मशीन पहिल्यांदा फिरलं, तेव्हा आमच्या चाळीतल्या प्रत्येकाने आधी वायर शोधली. मशीन पिस्तुलाच्या आकाराचं होतं आणि मुठीतून आत सरकवायची एक लांबट बॅटरी होती. मामाने ओट्यावर उभं राहून सागवानी फळीला भोक पाडलं. भुसा उडाला, पातं पलीकडून बाहेर आलं, तरी माणसं वाकून मामाच्या पाठीमागेच बघत होती.

"वायर खंय आसा रे?" चंपामावशीने विचारलं.

"वायर नाय."

"मगे वीज खंयसून येता?"

"आत भरून ठेवलेली आसा."

"भरून? मेल्या, वीज काय पाणी आसा, हंड्यात भरून ठेवूक?"

सगळे हसले. मी हसले नाही. त्या मे महिन्यात, म्हणजे १९८६ साली, मी बी.एस्सी.च्या निकालाची वाट बघत बोरीवलीच्या काजूपाड्यातल्या घरी बसले होते. माझा विषय भौतिकशास्त्र होता, त्यामुळे वीज भरून कशी ठेवतात हे मला ठाऊक होतं. जर्नलमध्ये सेलची आकृती मी किती वेळा काढली होती. पण आकृतीतल्या त्या दोन रेघांनी सागवान पोखरताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी फळीच्या भोकाला बोट लावलं, तर कडा अजून गरम होती.

मशीन लवूमामाने आपल्या बहिणीच्या घरी दिलं. त्याची बहीण म्हणजे आमच्या शेजारची सुगंधाकाकी, आणि मशीन होतं तिच्या नवऱ्यासाठी, दत्तारामकाकांसाठी.

दत्तारामकाका गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडायच्या वर्षभर आधी त्यांचा उजवा हात पट्ट्यात सापडला. हात वाचला, पण कोपर वळेना आणि मुठीत जोर राहिला नाही. मग संप झाला, आणि गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. बाकीचे कामगार कुठे कुठे चिकटले. काकांना दारांना कड्या-कोयंडे बसवायचं काम जमलं असतं, त्यांची नजर तेवढी नेमकी होती. पण लाकडाला भोक पाडायचं म्हणजे गिरमिट लागतं. एका हाताने दाबायचं आणि दुसऱ्याने पिळायचं. काकांजवळ दीड हात होता. काकी लोकांचे डबे करायची आणि काका उंबऱ्यावर बसून रस्ता बघायचे. त्या वर्षी शिमग्याला गेले, तेव्हा गावचं घर शाकारून आले. कायमचं तिकडेच जायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. काकी ते कुणाला सांगत नसे, फक्त माझ्या आईला सांगून रडली होती.

वायर नसलेल्या या मशीनला डावा हात पुरत होता. एका बोटाने घोडा दाबला की झालं. आणि त्याला योग्य जागाही मिळाली. बोरीवलीत तेव्हा जिकडेतिकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या. लोक ताबा घ्यायचे, पण विजेचे मीटर यायला अवकाश असायचा. अशा बिनविजेच्या घरात वायरचं ड्रिल घेऊन येणारा सुतार काय करणार? काका मात्र पिशवी घेऊन जायचे आणि दाराला कडी, साखळी, नावाची पाटी असं सगळं बसवून यायचे. लोक त्यांना 'बॅटरीवाले' म्हणू लागले. उंबऱ्यावरची त्यांची जागा मांजराने घेतली.

रोज संध्याकाळी घरी आलं की बॅटरी चार्जरमध्ये बसायची. चार्जरला एक लाल दिवा होता. रात्री जेवणं झाली की काका बटण बंद करायचे. एवढीच त्या बॅटरीची देखभाल होती आणि ती चांगली चालली होती.

मग नवरात्र आलं, आणि त्याच्या तोंडावर काकांना हिवताप झाला.

काकीकडे घट बसतो. तिच्या खोलीत एकच प्लग, तो देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात, त्यामुळे घटही तिथे आणि चार्जरही तिथेच. पहिल्या दिवशी तिने घट मांडला, अखंड दिवा लावला, आणि काका उठतील तेव्हा मशीन तयार असावं म्हणून बॅटरीही लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण बंद करायला तिचा हात गेला आणि थांबला. देवीसमोर दोन दिवे जळत होते, एक तेलाचा आणि एक लाल. नवरा आत कुडकुडत होता. त्याच्या कामाचा दिवा, आणि तो घट उठायच्या आधी आपल्या हाताने विझवायचा?

तिने तो विझवला नाही. नऊ दिवस ती तेलाच्या दिव्यात तेल घालत राहिली आणि लाल दिव्याकडे लक्ष ठेवत राहिली. एका दुपारी लाईट गेली तेव्हा ती जप करत बसली होती, असं आई म्हणाली. लाईट आली, लाल दिवा पुन्हा लागला, तेव्हाच ती पाणी प्यायली. बॅटरीला हात लावला तर ती चांगली गरम लागायची. काकीला वाटलं, देवी तिथे आहे.

दसऱ्याला मशीनला झेंडूची माळ घातली. काकांचा ताप उतरला होता. दोन-तीन दिवसांनी जरा ताकद आल्यावर ते पश्चिमेला एका नव्या इमारतीत कामाला गेले. प्रेमाबाई नावाच्या एक नर्स तिथे एकट्याच राहायला आल्या होत्या. त्यांच्या दाराला कडी बसवायची होती. काका तासाभरात परत आले आणि पिशवी न उघडता उंबऱ्यावर बसले.

"काय झाला?" काकीने विचारलं.

"फिरता, पण लाकडाक टेकवला की थांबता. जीवच नाय तेच्यात."

"भरलेली आसा ना पण! नऊ दिवस भरलंय मी!"

काकांनी मान वर केली. "किती दिवस?"

काकीने सगळं सांगितलं. काकांनी पिशवी बाजूला सारली. मग म्हणाले, "देवीचो घट बसवतंस तो बसव. माझ्या बॅटरीचो कित्याक बसवलंस?"

ती आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. थोड्या वेळाने काका कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले, "ह्या गेला तर मी गावाक जातलंय. हय बसान काय करू?"

मी बॅटरी मागून घेतली.

तसे सेल मिळतात का ते बघायला मी लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. दुकानदारांनी बॅटरी उलटीपालटी करून परत दिली. एकजण म्हणाला, सिंगापूरहून मागवावी लागेल, पण कधी येईल ते सांगता येणार नाही. लवूमामा पुढच्या मे महिन्याशिवाय येणार नव्हता. तेव्हा जे होतं त्यातच बघायचं होतं. मी काकांच्या देखत प्लॅस्टिकचं कवच कडेने कापून उघडलं.

आत सहा सेल होते, एकाला एक पत्र्याच्या पट्टीने जोडलेले. दोघांच्या टोपणाशी पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती. काकी दारात उभी राहून बघत होती. "एवढ्याशा डब्यांनी दार पोखरता?" ती म्हणाली. तेवढ्यापुरती ती रडायची विसरली होती.

मी मीटर लावला. चार सेलवर काटा जिथे यायला हवा तिथे आला. पूड जमलेल्या दोघांवर तो शून्यावरून हललाच नाही.

काकीने मला बाजूला घेतलं. "अनू, खरा सांग. माझ्यामुळे झाला?"

खोटं सांगून उपयोग नव्हता, कारण खरं न कळता पुढची बॅटरीही तशीच गेली असती. मी म्हटलं, "काकी, हा लाल दिवा बॅटरी भरली की विझत नाही. चार्जर चालू आहे एवढंच तो सांगतो. बॅटरी पहिल्याच रात्री भरली होती. त्यापुढे आलेल्या विजेला आत जागाच नव्हती. मग ती सगळी उष्णता झाली."

"म्हणजे ती गरम लागी ती..."

"हो."

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आपण तिच्या हातून काहीतरी काढून घेतलं. म्हणून मी तिला सेलपाशी बसवलं आणि आत काय चालतं ते सांगू लागले. कॅडमियम नावाचा एक धातू असतो. मशीन चालवलं की तो गंजतो, आणि गंजताना वीज देतो. चार्जिंगला लावलं की तोच गंज पुन्हा धातू होतो. तोच कण जातो आणि परत येतो, शेकडो वेळा.

"गंजलेला परत चकचकीत होता?"

"होतं."

"आमच्या न्हाणीतली बादली कधी झाली नाय ती!" काका म्हणाले. पण त्यांनीही सेल उचलून कानाजवळ धरला, आतून काही ऐकू येतंय का ते बघायला.

हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला होता. परीक्षेत हे समीकरण मी दोन्ही दिशांनी बाण काढून लिहिलं होतं आणि पुरे गुण घेतले होते. पण जगात किती गोष्टी गेल्यावर परत येतात? जळलेलं लाकूड येत नाही. आणि इथे अंगठ्याएवढ्या डबीत, कुणी बघत नसताना, रोज संध्याकाळी गंजाचा धातू होत होता. चाळीतल्या एका खोलीत, पिठाच्या डब्याशेजारी.

त्या दोन सेलच्या आत काय झालं असावं, याचा मला अंदाज होता. अति चार्जिंगमध्ये कधी कधी धातू नीट थरात बसत नाही. त्याचे केसाहून बारीक काटे उगवतात, मधला पडदा टोचून पलीकडे पोचतात, आणि सेल आतल्या आत जोडला जातो. मग त्यात कितीही वीज घाला, त्या काट्यातून ती वाहून जाते. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका परदेशी मासिकात मी यावरचा एक उपाय वाचला होता. सेलला एका क्षणापुरता विजेचा जबरदस्त तडाखा द्यायचा. काटा इतका बारीक असतो की तो फ्यूजच्या तारेसारखा जळून जातो. सेलच्या बाकीच्या भागाला कळायच्या आत सगळं संपलेलं असतं.

पण काटा नसून पडदाच करपला असेल, तर उपयोग शून्य. आणि सेल फुटला तर आतलं क्षारयुक्त पाणी डोळ्यांत जाईल. मी हे सगळं काकांना सांगितलं. उपाय फसला तर हे दोन सेल कायमचे जातील, हेही सांगितलं.

"मेलेल्याक आणि काय मारतलंस?" काका म्हणाले. "कर."

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला एक मोठा कपॅसिटर घरी होता, चहाच्या कपाएवढा. विजेचा लोंढा क्षणभर अडवून एकदम सोडायचा तर त्याच्यासारखी वस्तू नाही. तो मी प्रोजेक्टच्या पॉवर सप्लायवर भरला. दोन्ही आजारी सेल पट्ट्या कापून वेगळे केले. पहिला सेल मातीच्या कुंडीत पुरला, फक्त दोन टोकं वर ठेवली. सगळ्यांना भिंतीपलीकडे उभं केलं. चष्मा होताच, त्यावर वडिलांचा स्कूटरचा चष्मा चढवला आणि जाड तार टोकाला टेकवली.

चट् झालं. टाचणीच्या डोक्याएवढी निळी ठिणगी पडली. बस, एवढंच. भाजल्या तांब्याचा वास आला.

मी मीटर लावला. काटा शून्यावर होता. मी पुन्हा कपॅसिटर भरला आणि पुन्हा तार टेकवली. या वेळी ठिणगी आधीपेक्षा बारीक वाटली. मीटर लावला.

काटा उठला.

फार नाही, अगदी थोडा. पण तो पडला नाही. हळूहळू, झोपेतून उठणारं माणूस जसं आधी एक कोपर टेकतं तसा तो वर सरकला आणि थांबला.  आत, जिथे माझी नजर कधीच पोचणार नव्हती, तिथे एक धातूचा केस जळून गेला होता आणि आजवर अडलेला धातू पुन्हा आपल्या कामाला लागला होता. माझ्या हातून हे झालं होतं, तरी ते मी केलं असं म्हणवेना. मी फक्त तार टेकवली होती.

"उठलो काय गो?" भिंतीपलीकडून काका.

"एक उठला."

काकीने तिथूनच हात जोडले. देवीला की सेलला, ते मी विचारलं नाही. मलाही त्या वेळी दोन्हीत फारसा फरक वाटत नव्हता.

दुसरा सेल काही उठला नाही. तीन-चारदा तडाखा दिला, शेवटी टोपणाशी फुसकन हवा सुटली आणि त्यातून पाणी आलं. तो मी डब्यात घालून बाजूला ठेवला. उरलेल्या पाचांना सोल्डरचा डाग देऊन जोडलं, सहाव्याच्या रिकाम्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला आणि कवच चिकटपट्टीने बांधलं. बॅटरी भरून रात्रभर ठेवली आणि सकाळी कवच पुन्हा सोडून मोजलं, तर उठलेल्या सेलमधली वीज बरीच उतरली होती. तो जिवंत होता पण गळका होता. काट्याचा बुंधा अजून आत असणार.

मी काकांना समजावून सांगितलं. बॅटरी भरून ठेवायची नाही, कामाला जायच्या आधी भरायची आणि त्याच दिवशी वापरायची. हाताला कोमट लागली की बटण बंद करायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मशीन मंद झालं की तिथेच सोडायचं. पाच सेलमधला अशक्त सेल आधी रिकामा होतो, मग बाकीचे चार त्याच्यातून उलटी वीज ढकलतात. असं एकदा झालं तरी तो पुन्हा मरेल, आणि मग मात्र मला काही करता येणार नाही.

"मंद झाला की म्हणजे किती मंद?"

"आवाज उतरला की."

"आवाज माका कळता," काका म्हणाले. गिरणीत शंभर मागांच्या गलक्यात उभ्या राहिलेल्या माणसाला ते कळणारच.

बॅटरी भरायचं काम त्यांनी काकीकडेच दिलं. मला जरा आश्चर्य वाटलं. काकी स्टूल घेऊन चार्जरसमोर बसली. मधूनमधून बॅटरीला हात लावून बघायची, आपण तापल्या पोराच्या कपाळाला लावतो तसा. मग तिने बटण बंद केलं. लाल दिवा गेला. ती क्षणभर तशीच बसली आणि म्हणाली, "भरली. चला, जावा."

प्रेमाबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मी काकांबरोबर गेले, कारण मला घरी बसवेना. जिन्यात उजेड नव्हता, घरात अजून वीज नव्हती. दाराला आतून लोखंडी पेटी लावून त्या बाई रात्री झोपत होत्या.

"आलात? मला वाटलं, पळालात," प्रेमाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मशीन दाराला टेकवलंत आणि तोंड पाडून गेलात."

"ताप होता."

"तुम्हाला की मशीनला?"

"दोघांना."

काकांनी आधी कडीच्या जागा पेन्सिलने आखल्या. प्रेमाबाईंना दारात एक गोल भिंगही बसवून हवं होतं, बाहेर कोण आहे ते बघायला. ते काम मोठं, दार जाड, भोक रुंद. काकांनी ते शेवटी ठेवलं. डाव्या हाताने मशीन दाराला लावलं, उजव्या हाताच्या मनगटाने त्याला नुसता आधार दिला, आणि घोडा दाबला.

मशीन आधीपेक्षा हळू फिरत होतं. आवाजही खालचा होता. पण लाकडाला टेकल्यावर ते थांबलं नाही. भुसा पिवळ्या कुरळ्या पट्ट्यांनी खाली पडू लागला. एक भोक झालं, दुसरं झालं. काकांच्या कपाळावर घाम होता आणि ते मशीनकडे बघत नव्हते, खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. मी बॅटरीच्या त्या चिकटपट्टी बांधलेल्या टोकाकडे बघत होते. त्या घरात ना मीटर होता, ना वायर, ना दिवा. सगळी इमारत विजेवाचून पडली होती, आणि सकाळी आमच्या चाळीतल्या भिंतीतून घेतलेली वीज इथे तिसऱ्या मजल्यावर पिशवीतून येऊन दार पोखरत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा हे नीट पाहत होते, असं वाटलं.

कडी बसली. प्रेमाबाईंनी ती तीनदा लावून पाहिली, काढून पाहिली, आणि पेटी पायाने भिंतीकडे सरकवली. मग भिंगाचं काम सुरू झालं. पातं निम्म्याच्या पुढे गेलं असेल. आवाज जरासा उतरला. मला तो कळला नसता. काकांचं बोट सुटलं.

मशीन थांबलं.

"काय झालं?" प्रेमाबाई पुढे आल्या. "अहो, एवढंसं तर राहिलंय. जोर लावा की!"

काका त्या भोकाकडे बघत होते. एवढंसंच राहिलं होतं, खरं. घोडा पुन्हा दाबला असता तर बहुधा पलीकडे गेलंही असतं. त्यांचं बोट घोड्यावर होतं. ते ठरवायचा हक्क त्यांचा होता.

"जोर माझ्याकडे नाही, बाई," काका म्हणाले, "आणि याच्याकडचा आजचा संपला. उद्या सकाळी येऊन करतो."

"आणि तोवर दाराबाहेर कोण आलं ते मला कसं कळणार?"

"कडी लावा आणि आतून विचारा, कोण आहे म्हणून. लोक सांगतात."

प्रेमाबाई हसल्या. "उद्या नक्की ना? परत ताप-बीप नको."

"नक्की."

काकांनी पातं हाताने उलटं फिरवून अलगद भोकातून सोडवलं, तोंडाने भुसा फुंकला आणि मशीन पिशवीत ठेवलं. जिन्यात अंधार होता. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ते थांबले.

"अनू, अजून थोडी व्हती ना गो आत?"

"होती. थोडी होती."

"ऱ्हवंदे," काका म्हणाले, आणि पिशवी डाव्या हातात घट्ट धरून एक एक पायरी उतरू लागले.